खांब कुजतो तो मातीलगत

कुंपणाचा मोडलेला खांब उपटून आडवा टाकला की त्याचे तीन भाग वेगवेगळे दिसतात. वरचा भाग उन्हापावसाने करडा पडलेला, चिरा गेलेला, पण हातोडी मारली तर खणखणीत वाजणारा. खालचं टोक, दीड-दोन फूट जमिनीत राहिलेलं, काळं आणि ओलसर, तरीही बऱ्यापैकी टणक. आणि या दोहोंच्या मधे, माती संपून हवा सुरू होते तिथला वीतभर पट्टा. इथे पेचकस टेकवून जरा जोर दिला तर तो निम्मा आत जातो. सहा-सात फुटांच्या खांबातली ही वीत सोडली तर बाकीचं लाकूड अजून चांगलं असतं. तरी आपण पूर्ण खांब चुलीत घालतो आणि त्याच खड्ड्यात, तसाच, नवा खांब पुरतो. चार-पाच पावसाळ्यांनी तोही त्याच जागी मोडतो.

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. तिला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, पाणी, हवा आणि ऊब. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीचं काही चालत नाही. ते तीस टक्क्यांच्या आसपास पोचलं, म्हणजे तंतूंच्या भिंती पाण्याने तट्ट भरल्या, की तिचं फावतं. पण पाण्याबरोबर हवाही हवी. खोल, दबलेल्या ओल्या मातीत पाणी भरपूर असलं तरी हवा कमी, म्हणून तिथलं लाकूड सावकाश कुजतं. वर हवा मोकळी, पण पाऊस थांबला की लाकूड वाळतं. पाणी आणि हवा दोन्ही बाराही महिने हाताशी असण्याची जागा एकच, जमिनीलगतची. ऊब तर आपल्याकडे कधी कमी पडतच नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि हिवाळाही उबदार. बर्फाळ देशात कुंपणाच्या खांबाला थंडीत निदान विश्रांती मिळते. कोकणातल्या खांबाला ती मिळत नाही.

लाकूड मुळात नाशवंत आहे ही समजूत खोडून काढायला दोन जागा पुरेत. एक लोणावळ्याजवळचं कार्ले. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. बाहेर मावळचा पाऊस कोसळत असतो, पण कातळाच्या पोटात त्या कोरड्या राहिल्या, म्हणून टिकल्या. दुसरी जागा पाटणा. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसने पाटलिपुत्राभोवती लाकडी तटबंदी असल्याचं लिहून ठेवलं आहे. तिला चौसष्ट दरवाजे आणि पाचशे सत्तर बुरूज होते, असा त्याचा हिशेब. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्याच्या बुलंदीबागेत खोदकाम झालं तेव्हा सालवृक्षाच्या जाडजूड खांबांची दुहेरी रांग खरोखरच सापडली. खोल, पाण्याने भरलेल्या चिखलात ती दोन हजारांहून जास्त वर्षं गाडलेली होती. हेही एका अर्थी कुंपणच. कार्ल्याच्या लाकडाला पाणी मिळालं नाही, पाटण्याच्या लाकडाला हवा मिळाली नाही. आपल्या वाडीतला खांब नेमका या दोन टोकांच्या मधे उभा असतो.

कुजण्याचे प्रकारही ओळखू येतात. खांबाचा मोडलेला तुकडा उन्हात धरा. लाकूड तपकिरी होऊन त्याला आडव्या-उभ्या चिरा पडल्या असतील, बोटाने दाबल्यावर चौकोनी ढलप्या सुटत असतील आणि चिमटीत चुरडल्यावर त्यांची भुकटी होत असेल, तर ती तपकिरी कूज. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. लाकूड पांढुरकं, मऊ, धागेधागे सुटणारं झालं असेल तर ती पांढरी कूज. ती लिग्निनही सोडत नाही. तिसरी एक मऊ कूज असते. ती ओल्या लाकडाचा वरचा थर काळपट आणि लिबलिबीत करत हळूहळू आत सरकते. यातली तपकिरी सर्वांत कावेबाज. लाकडाचं वजन अजून दहा टक्केही घटलेलं नसताना त्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते, आणि बाहेरून खांब ठाकठीक दिसतो. म्हणूनच म्हैस अंग घासायला टेकली आणि ‘काल तर चांगला होता’ असा खांब कोलमडला, हे ऐकायला मिळतं. काल तो चांगला नव्हता.

वाळवीला मात्र कुजीत धरू नये. वाळवीचा खांब बाहेरून मातीच्या बोगद्यांनी भरलेला असतो आणि आत लाकडाचे पापुद्रे उरतात. दोन्ही एकाच खांबात असणं नेहमीचंच, कारण बुरशीने मऊ केलेलं लाकूड बहुतेक जातींच्या वाळवीला आयतं मिळतं. पण ओल आटोक्यात आणली की कूज थांबते. वाळवीचं तसं नाही, तिला जमिनीतून वर यायची वाटच तोडावी लागते.

कोणतं लाकूड किती टिकतं, याचा भारतात पद्धतशीर तपास झाला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या झाडांच्या गाभ्याचे साठ सेंटिमीटर लांब आणि पाच-पाच सेंटिमीटर जाडीरुंदीचे ठोकळे अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि ते कधी निकामी होतात याची नोंद करतात. या चाचणीला तिथे स्मशान-चाचणीच म्हणतात, आणि रांगेने उभे केलेले ते ठोकळे पाहिले की नाव कुणाला सुचलं असेल ते कळतं. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने दुसरा, त्याहून कमी तिसरा. साग पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्या.

‘आमचा तर सागाचाच खांब होता’ अशी तक्रार करणाऱ्याने एक बघावं: ही वर्गवारी गाभ्याची आहे. झाडाच्या मधल्या गडद लाकडात झाडानेच तयार केलेली बुरशीनाशक द्रव्यं असतात. सालीलगतच्या फिकट लाकडात ती नसतात. विरळणीत तोडलेली मनगटाएवढी सागाची बल्ली जवळजवळ सगळी फिकट लाकडाचीच असते. तिला साग म्हणून पैसे मोजले तरी जमिनीत ती आंब्याच्या भावानेच जाते. जुनी माणसं कुंपणाला खैर, ऐन, किंजळ वापरत तेव्हा खांब वाकसाने तासून बाहेरचं पांढरं काढून टाकत, ते शोभेसाठी नव्हे. आज ही झाडं तोडायची तर महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते, मग ती आपल्याच बागेतली का असेनात. हाताशी असलेला जुना गाभ्याचा खांब चुलीत न घालता सांभाळण्याचं हेही एक कारण.

आता दुरुस्ती. आधी कुंपणाच्या कडेने फिरून प्रत्येक खांब वरून धरून हलवावा. जो डुलतो त्याच्या बुंध्याशी वीतभर माती उकरावी आणि टोच्याने किंवा पटाशीच्या टोकाने लाकडाची एक चपली उचकटून पाहावी. लांब, चिवट चपली निघाली तर लाकूड जिवंत आहे. कटकन तुटून बारीक ठिकरी उडाली, तर दिसायला कितीही चांगलं असो, ते गेलं. खांब डुलतो पण चपली लांब निघते, असंही होतं. तेव्हा दोष लाकडाचा नाही, भरावाचा आहे. भोवतीची माती काढायची, खडी भरायची आणि पहारीच्या बोथट टोकाने थराथराने ठोकायची. अर्ध्या तासाचं काम. असे बरेच खांब उगाच बदलले जातात.

पाय खरंच कुजला असेल तर कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या पडवीत जाऊन बघावं. तिथला लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडाच्या तळखड्यावर उभा असतो. त्याच गावातलं, कदाचित त्याच झाडाचं लाकूड; पण घराचा खांब पिढ्यान् पिढ्या उभा आणि कुंपणाचा पाच वर्षांत आडवा. पडवीच्या खांबाला डोक्यावर छप्पर असतं हे खरं, पण पायाखालचा दगड काढून घेतला तर ते छप्पर त्याला वाचवू शकणार नाही. कुंपणाच्या खांबाला हाच न्याय लावायचा. मातीलगतची ती वीत कुणीतरी सोसायलाच हवी. ती दगडाने, काँक्रीटने किंवा लोखंडाने सोसावी, लाकूड तिच्या वर उचलावं.

याची सर्वांत सोपी रीत जोडखांबाची. कुजलेल्या खांबाशेजारी, कुंपणाच्या आतल्या बाजूने, काँक्रीटचा आखूड खांब पुरायचा आणि जुनं लाकूड त्याला बोल्टने बांधायचं. पाच फुटांचा जोडखांब पुरतो: दोन फूट जमिनीत, तीन वर. बाजारात सिमेंटचे पोल मिळतात, त्यांचा तुटका तुकडा चालेल. नाहीतर घरीच ओतावा. चार इंच चौरस लाकडी साचा, चार कोपऱ्यांत आठ मिलिमीटरच्या चार सळ्या, एक घमेलं सिमेंटला दीड वाळू आणि तीन बारीक खडी. बोल्टची भोकं नंतर पाडायला गेलात तर पोल तडकतो, म्हणून ओततानाच साच्यात प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे आरपार ठेवायचे. साचा दुसऱ्या दिवशी सुटतो, पण पोल दोन-तीन आठवडे पाणी मारून मुरवावा लागतो. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

प्रत्यक्ष काम असं चालतं. आधी खांबाला दोन बाजूंनी तिरके टेकू द्यायचे, म्हणजे तारा सोडायची गरज पडत नाही. मग कुजका भाग करवतीने कापायचा. पण जिथवर कूज दिसते तिथवरच नव्हे. बुरशीचे धागे दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात, म्हणून निदान अर्धा फूट वर कापायचं. कापल्यावर तोंडाचा रंग बघायचा. मधे गडद डाग किंवा मऊ वर्तुळ दिसलं तर आणखी वर. खांब आता जमिनीपासून वीतभर तरी उंच, नुसत्या टेकूंवर लोंबकळत असतो आणि पाहणाऱ्याला हे काम बिघडलं असंच वाटतं. खालचा खुंट पहारीने, दगडाचा टेका घेऊन, वर काढायचा. तो निघाला तर खड्डा आयता मिळतो आणि वाळवीचं बोलावणंही बंद होतं. नाहीच निघाला तर शेजारी नवा खड्डा.

खड्ड्याच्या तळाशी चार बोटं खडी, तीवर जोडखांब, ओळंब्याने सरळ केलेला. बारा मिलिमीटरचे दोन आरपार बोल्ट, एकमेकांपासून फूटभर तरी लांब, दोन्हीकडे मोठे वायसर. खिळ्यांनी हे काम होत नाही. वारा खांबाला रोज थोडाथोडा हलवतो आणि खिळा आपलं भोक मोठं करत जातो. लाकूड आणि काँक्रीट एकमेकांना चिकटवूनही बसवू नयेत. दोहोंच्या मधे बोल्टवर एकदोन वायसर जास्तीचे घातले की पाव इंचाची फट राहते, पावसाचं पाणी तिच्यातून निथळतं आणि वारा आत शिरतो. ही फट ठेवली नाही तर मातीलगतची ओल आपण नुसती दोन फूट वर नेऊन ठेवतो.

हाच दोष नव्या खांबाच्या बुंध्यात काँक्रीट ओतणाऱ्यांच्या हातून होतो. खांब भक्कम झाला असं पहिल्या वर्षी वाटतं. पण लाकूड उन्हाळ्यात आकसतं, काँक्रीट आकसत नाही. मधे फट पडते, मृगाचा पाऊस तीत उतरतो आणि खालून वाट नसल्यामुळे तिथेच राहतो. खांब पेल्यात उभा केल्यासारखा पाण्यात भिजत राहतो. काँक्रीट ओतायचंच असेल तर खांबाच्या टोकाखाली ओतू नये, तिथे खडी ठेवावी. आणि वरची कडा जमिनीच्या दोन बोटं वर आणून बाहेरच्या बाजूला उतरती करावी. मुळात काँक्रीटपेक्षा ठोकून बसवलेली खडी मला जास्त पटते. पाणी धरून ठेवत नाही आणि पुढे कधी खांब काढायचा झाला तर कमरेला त्रास नाही.

लोखंडी अँगलचे दोन तुकडे खांबाच्या दोन बाजूंना लावूनही हे साधतं. वजनाला हलकं, कामाला झटपट. समुद्रकाठी मात्र खारा वारा अँगल खातो. जस्त चढवलेला असेल तरच लावावा. लाकडालाच लाकडाचा नवा पाय जोडण्याचा सांधा, दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे कापून एकमेकांवर बसवण्याचा, सुतार फार सुरेख करतात. घराच्या खांबाला तो शोभतो. कुंपणाला तो करणं म्हणजे कूज पाच वर्षं पुढे ढकलणं.

आणि काही खांब दुरुस्त करूच नयेत. कोपऱ्याच्या खांबावर दोन दिशांच्या तारांची ओढ असते, फाटकाच्या खांबावर फाटकाचं लोंबतं वजन. तिथे जोड टिकत नाही. नवा, पूर्ण खांब आणि त्याला आतून तिरका टेकू हाच इलाज. बेड्याच्या, म्हणजे काठ्या सरकवून बंद करायच्या वाटेच्या, खांबाचं दुखणं तर निराळंच. आडव्या काठ्या सरकवायला त्याला भोकं पाडलेली असतात, प्रत्येक भोकात पाणी साचतं, आणि तो मातीलगत कुजायच्या आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर कुजतो. भोक पाडताना बाहेरच्या बाजूला जरा उतार दिला तर पाणी थांबत नाही.

खांबाचं डोकंही विसरू नये. लाकूड आडवं जितकं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट कापलेल्या टोकातून पितं, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी पडलेली असतात. टोक तिरकं कापावं, वर पत्र्याचा तुकडा ठोकावा. नारळाची करवंटी पालथी ठोकली तरी काम भागतं.

औषधांबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात. जुना उपाय म्हणजे खांबाचा पाय आगीत भाजून काळा करणं. कोळसा बुरशी खात नाही हे खरं, पण भाजताना लाकडाला भेगा पडतात आणि बुरशी त्या भेगांतून आतल्या न भाजलेल्या लाकडात जाते. खांब बारीक झाला तो वेगळाच. डांबर फासण्याचंही तसंच: ओल्या लाकडावर फासलं तर ओल आतच कोंडते, लाकूड पक्कं वाळलेलं असेल तरच उपयोग. काजूच्या टरफलाचं तेल पश्चिम किनाऱ्यावर होड्यांना लावत आले आहेत, आणि ते काम करतं. फक्त कातडीवर उडालं तर फोड येतात, तेव्हा हातमोजे घालावेत. मोरचूद बागायतदाराच्या घरी असतोच, पण त्याचं नुसतं पाणी लाकडाला लावलं तर पहिल्या पावसाळ्यात बरंचसं धुऊन जातं आणि खिळे-तारा गंजतात ते गंजतातच.

मोरचुदातलं तांबं लाकडात पक्कं कसं धरून ठेवायचं, हा प्रश्न सोडवला तो डेहराडूनच्याच वन संशोधन संस्थेतल्या सोंती कामेसन यांनी, १९३३ साली. तांबं बुरशीसाठी, आर्सेनिक वाळवीसाठी आणि तांब्याला न जुमानणाऱ्या बुरशीसाठी, आणि दोन्ही लाकडाच्या तंतूंना घट्ट चिकटावीत म्हणून क्रोमियम. ‘आस्कू’ नावाने निघालेलं हे मिश्रण दाब देऊन लाकडात मुरवतात. पुढे ते जगभर गेलं; अमेरिकेत कित्येक दशकं अंगणातली कुंपणं आणि लाकडी ओटे याच हिरवट लाकडाचे होते. आर्सेनिकाच्या धास्तीने तिथल्या उत्पादकांनी २००३ संपता संपता घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं. लाकूड टिकवण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचं फार थोडं निघालं आहे. असे हिरवट खांब किंवा रेल्वेचे जुने, काळ्या तेलात मुरवलेले लाकडी स्लीपर कुंपणाला लावलेले असतील तर त्यांचे कापलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत मुळीच घालू नयेत. धूर विषारी, आणि हिरवट लाकडाच्या राखेत तर आर्सेनिक उरतं. ती राख परसात भाजीला गेली की संपलंच.

या सगळ्या खटपटीला एक बगल आहे आणि कोकणाला ती जुनीच ठाऊक आहे: न कुजणारा खांब लावायचा, म्हणजे जिवंत खांब. पांगारा, शेवगा, गिरिपुष्प यांचे मनगटाएवढे खुंट पावसाच्या तोंडावर पुरले की ते मूळ धरतात. जिवंत लाकडाला कूज सहसा लागत नाही; झाड स्वतःच्या जखमा स्वतः बुजवतं. गिरिपुष्पाची छाटणी बागेत खत होते, पांगाऱ्यावर मिरी चढते. उणं एवढंच की दरवर्षी छाटावं लागतं, सरळ रांग मिळत नाही, आणि तार बांधली तर दहा वर्षांत खोड ती गिळून टाकतं. गुरं अडवायला अशी जिवंत वई पुरे. डुकरांसाठी जाळी ताणायची असेल तर ताठ खांबच लागतो.

काम दिवाळीनंतर काढावं. जमीन अजून मऊ असते, जांभ्यात पहार चालते आणि पुढचे सहा महिने लाकूड वाळत राहतं. वैशाखात एकदा पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण तोवर लाकूड आकसलेलं असतं आणि प्रत्येक नट निदान अर्धा फेरा तरी फिरतो.